कमिशनचा पैसा, परदेशातले खाते आणि आपली लेखणी

आंबेडकरी विचारांची संकेतस्थळे का बंद पडतात याचा शोध घेतला तर दडपशाही, बंदी, खटला अशी मोठी कारणे फार थोड्या वेळा सापडतात. बहुतेक वेळा डोमेनचे पैसे भरायचे राहून गेलेले असतात. एखादा तरुण नोकरीला लागण्यापूर्वी उत्साहाने संकेतस्थळ सुरू करतो, तीन-चार वर्षे स्वतःच्या खिशातून चालवतो, मग लग्न होते, घरभाडे येते, आई आजारी पडते आणि एका वर्षी नूतनीकरणाची तारीख निघून जाते. दोन-अडीचशे लेख, जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती, अत्याचाराच्या प्रकरणांची टिपणे सगळे एका रात्रीत गायब. काही महिन्यांनी त्याच पत्त्यावर रमीच्या जाहिराती दिसतात.

म्हणून संकेतस्थळाने स्वतःचा खर्च स्वतः काढावा, हा विचार आम्हाला मनापासून पटतो. वस्तूची किंवा पुस्तकाची लिंक द्यायची, वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली की विकणारी कंपनी ठरलेले कमिशन देते. वाचकाला एक पैसाही जास्त पडत नाही. याला अ‍ॅफिलिएट उत्पन्न म्हणतात. नाशिकमध्ये तरुणांच्या अभ्यासवर्गात आम्ही हा विषय काढला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘चांगले पैसे देणाऱ्या योजना अमेरिकेतल्या. त्या भारतातल्या माणसाला घेत नाहीत, घेतले तर पैसे इथल्या बँकेत पाठवत नाहीत. मग व्हीपीएन लावून, तिकडचा पत्ता टाकून किंवा अमेरिकेतल्या मावसभावाच्या नावाने खाते उघडले तर काय बिघडले? व्यवस्था आपल्याला दारातच अडवते, तर खिडकीतून का जायचे नाही?’

प्रश्नातला राग आम्हाला समजतो. दारात अडवले जाण्याचा अनुभव या शहराला नवा नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला. पण त्या सत्याग्रहात कोणी दुसऱ्याचे नाव सांगून, जात लपवून आत शिरले नव्हते. दादासाहेब गायकवाडांच्या माणसांनी स्वतःच्या नावाने, उघड, दारात उभे राहून मागणी केली. जात लपवून आत जाता आले असते, तर त्या लढ्याला अर्थच उरला नसता. कमिशनच्या पैशाची तुलना मंदिरप्रवेशाशी करणे काहींना अतिशयोक्त वाटेल. वाटू दे. नाव लपवून मिळालेली कुठलीही गोष्ट टिकवायची तर पुढेही नाव लपवतच राहावे लागते, एवढाच मुद्दा आहे.

आधी दुसऱ्या बाजूचा आक्षेप घेऊ, कारण तो आपल्याच ज्येष्ठांकडून येतो. ‘चळवळीच्या लेखाखाली विक्रीची लिंक? बाबासाहेबांच्या नावाचा बाजार मांडला!’ असे म्हणणाऱ्यांनी ‘मूकनायक’चा इतिहास पुन्हा वाचावा. ३१ जानेवारी १९२० ला ते पाक्षिक निघाले ते शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या मदतीमुळे. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. पुढे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाले आणि १९२९ मध्ये बंद पडले. मधल्या काळात बाबासाहेबांनी पत्राच्या कर्जाबद्दल वाचकांशी उघड आणि सडेतोड बोलणारा लेख लिहिला, हे ऋण समाजाचे आहे की नाही असा थेट सवाल केला. अंकाचे बहुतेक सगळे लेखन ते स्वतःच करत होते, त्याचा मोबदला घेत नव्हते, आणि तरीही कागदाचे व छपाईचे बिल थांबत नव्हते. पैशाबद्दल बोलायला ते लाजले नाहीत. ज्या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, त्याच्या अनुयायांनी हिशेबाला अपवित्र मानावे हे जरा विचित्रच आहे.

तेव्हा कमाई करावी की नाही हा वाद आम्ही इथे संपवतो. वाद आहे तो कोणाच्या नावाने आणि कोणत्या मार्गाने करावी हा.

आता अडवणूक नेमकी कुठे आहे ते नीट पाहू, कारण ‘परदेशी कंपन्या आपल्याला घेत नाहीत’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. अडथळे तीन जागी आहेत आणि तिन्हींचे कारण वेगळे.

पहिला अडथळा भाषेचा. गुगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात योजनेत हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये जागा मिळाली, मराठीला त्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. तोवर मराठी संकेतस्थळांचे चालक काय करत? इंग्रजीत दहा-बारा लेख टाकून मान्यता मिळवायची आणि मग हळूच मराठी मजकूर चढवायचा. आठ-नऊ कोटी लोकांची भाषा, आणि तिच्यात लिहिणाऱ्याला जाहिरातीच्या दारात इंग्रजीचा मुखवटा घालावा लागत होता. हा अडथळा आता गेला आहे. पण अ‍ॅडसेन्सची दुसरी अडचण आपल्यासारख्यांसाठी कायम आहे. जाहिरात कोणती दिसेल ते आपण ठरवत नाही. जातिअंताच्या लेखाखाली ‘आपल्याच जातीतील स्थळे’ आणि ‘प्रसिद्ध ज्योतिषी’ येऊन बसतात. काही वर्ग अडवण्याची सोय आहे, ती वापरलीच पाहिजे, तरी सगळे गाळले जात नाही. म्हणून आम्हाला अ‍ॅफिलिएटची पद्धत अधिक सोयीची वाटते. तिथे काय शिफारस करायची ते लिहिणारा ठरवतो.

दुसरा अडथळा पैशाच्या वाटेचा, आणि तो परदेशाइतकाच आपल्या देशाने घातलेला आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपालने भारतात येणारी आणि भारतातून जाणारी व्यक्तिगत देवाणघेवाण अचानक थांबवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ऑनलाइन कंपन्यांमार्फत येणाऱ्या निर्यातीच्या पैशावर एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा घातली, आणि १ मार्च २०११ पासून पेपालच्या भारतीय ग्राहकांना ती लागू झाली. आलेले पैसे खात्यात साठवून ठेवायचे नाहीत, त्यातून खरेदी करायची नाही, सात दिवसांत भारतातल्या बँकेत उतरवायचे, असाही नियम आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मर्यादा ३,००० डॉलरवर गेली, पुढे आणखी वाढली. ज्यांनी त्या काळात परदेशी कमिशनवर घर चालवायला सुरुवात केली होती त्यांना हे महिने चांगले आठवत असतील. आज परदेशी कमाई भारतातल्या खात्यात आणण्याच्या कायदेशीर वाटा आहेत. पैसे बँकेमार्फत येतात, कशाबद्दल आले त्याचा संकेतांक नोंदवला जातो, आणि बँकेकडून त्याचा पुरावा मिळतो. तो कागद जपून ठेवायचा.

तिसरा अडथळा दुकानाच्या देशाचा. अ‍ॅमेझॉनचे प्रत्येक देशातले दुकान वेगळे, त्याची अ‍ॅफिलिएट योजना वेगळी. भारतातले दुकान जून २०१३ मध्ये सुरू झाले. तुमची लिंक भारतीय दुकानाची असेल आणि शिकागोतला आपला एखादा वाचक ती वाचून अमेरिकी दुकानातून पुस्तक घेत असेल, तर तुमच्या भारतीय खात्यात काही जमा होत नाही. तसेच उलटेही. याशिवाय अनेक परदेशी कंपन्यांच्या योजना स्वीकारलेल्या देशांची यादीच देतात, आणि त्या यादीत कधी भारत नसतो. आपल्या तरुणांना खटकते ते हे. तिथे जातीचा काही संबंध नाही. त्या कंपनीला त्या देशात कर कापून पैसे देण्याची व्यवस्था करायची नसते, किंवा तिथे तिचा माल खपत नाही. प्रत्येक बंद दारामागे मनू बसलेला असतोच असे नाही, हेही आपल्याला म्हणता आले पाहिजे.

आणि ही प्रादेशिक अडवणूक फक्त गरीब देशांच्या वाट्याला येते असेही नाही. खुद्द अमेरिकेत काय झाले ते पाहा. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये कायदा केला की राज्यात तुमचे अ‍ॅफिलिएट असतील तर तुमची तिथे उपस्थिती आहे असे मानून विक्रीकर गोळा करावा लागेल. त्याच धर्तीचे कायदे इतर राज्यांत येऊ लागले तेव्हा अ‍ॅमेझॉनने त्या राज्यांतल्या अ‍ॅफिलिएटांनाच काढून टाकले. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड, २०१० मध्ये कोलोरॅडो, २०११ मध्ये इलिनॉय. जून २०११ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसा कायदा मंजूर करताच तिथल्या हजारो लोकांचे करार संपले. सप्टेंबरमध्ये सरकारशी तडजोड झाल्यावर ते परत घेतले गेले. मधल्या महिन्यांचे काय? ज्यांचे घर त्या कमिशनवर चालत होते त्यांना कोणी विचारले नाही. भांडण कंपनी आणि राज्य सरकारचे, आणि काढले गेले ते लिंक लावणारे.

इथे आम्हाला कुळाची आठवण येते. राबणारा कूळ, जमीन दुसऱ्याची, आणि मालकाच्या मनात आले की बांधावरून बाहेर. भूमिहीनांचा सत्याग्रह ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये उभा केला ते याच जिल्ह्यातल्या आंबे दिंडोरीचे. जमीन नावावर असणे आणि नसणे यातला फरक आपल्या आजोबांना सांगावा लागत नव्हता. अ‍ॅफिलिएट उत्पन्न कायदेशीर मार्गाने मिळवले तरी ते कुळाचेच उत्पन्न आहे. मग ते मावसभावाच्या नावावर असेल तर तुम्ही कुळाचे पोटकूळ झालात. कंपनी तुम्हाला ओळखत नाही, आणि तक्रार करायला तुमचे नाव कुठल्या कागदावर नाही.

ही ‘खिडकी’ नेमकी कशी असते तेही सांगायला हवे. व्हीपीएनने फार तर संगणकाचा पत्ता लपतो. कमिशन हाती यायचे तर बँकखाते लागते, कराचा फॉर्म लागतो. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-९ हा फॉर्म अमेरिकी करदात्याकडून घेते आणि डब्ल्यू-८बेन परदेशी व्यक्तीकडून. दोन्हींवर सही करताना माहिती खरी असल्याची शपथ असते. नाशिकरोडला बसून डब्ल्यू-९ भरणे म्हणजे कंपनीच्या नियमाचा भंग तर आहेच, शिवाय दुसऱ्या देशाच्या सरकारला दिलेली खोटी साक्ष आहे. पकडले कधी जाते? पैसे जमा होऊन काढायची वेळ आली की. तोवर कंपनी निवांत तुमच्या लिंकवरून माल विकत असते. आमच्या परिचयातल्या एका तरुणाचे असेच झाले. आठ-नऊ महिन्यांचे कमिशन साठले, पडताळणीला कागद मागितले, खाते बंद. अपील कोण करणार, खातेदार म्हणून नाव तर दुसऱ्याचे.

मावसभावाचे म्हणाल तर त्याच्या बाजूनेही विचार करा. तो एच-१बी व्हिसावर असेल तर ज्या मालकासाठी व्हिसा मिळाला त्याच्याखेरीज दुसरीकडे काम करून कमावण्याची त्याला मुभा नाही. विद्यार्थी असेल तर बंधने आणखी कडक. तुमच्या संकेतस्थळाचे उत्पन्न त्याच्या कराच्या कागदात दिसणार, प्रश्न त्याला विचारला जाणार. आपल्या वस्तीतून, शिष्यवृत्त्या मिळवून, कर्ज काढून तिथवर पोचलेले एक घर चार-पाचशे डॉलरसाठी धोक्यात घालायचे?

मग तो ते पैसे इकडे पाठवणार कसे? ‘देणगी म्हणून’ असे सहज सांगितले जाते. इथे परदेशी योगदानाचा कायदा, म्हणजे एफसीआरए, आडवा येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा हे परदेशी योगदान ठरत नाही. पण तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर ठरते, आणि मग त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला तो पैसा घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून तर नोंदणी असलेल्या संस्थांनाही हा पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी घ्यावा लागतो. चालू घडामोडींवर लिहिणाऱ्या माध्यमांसाठी याच कायद्यात वेगळे निर्बंध आहेत. ज्या व्यवस्थेविरुद्ध तुम्ही रोज लिहिता तिच्या हातात स्वतःहून एवढा सोपा धागा का द्यायचा? उद्या एखाद्या अत्याचाराच्या प्रकरणावर तुम्ही कोणाचे नाव घेऊन लिहिलेत की पहिला प्रश्न येईल, तुमच्या संकेतस्थळाचा पैसा कुठून येतो. त्या प्रश्नाला एका ओळीत, कागदानिशी उत्तर देता आले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जी योजना भारतातल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने आणि पत्त्याने घेते तीच घ्या. परदेशी योजना भारतीयांना घेत असेल तर डब्ल्यू-८बेन भरून, भारतातले बँकखाते देऊन जरूर घ्या. घेत नसेल तर सोडा. तिच्या मागे धावण्यात जी अक्कल आणि रात्री खर्च होतात त्यात दोन चांगले लेख होतात.

भारतातल्या योजनेतही आपल्या पद्धतीने काम करणारे लोक नकळत अडकतात, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत नोंदणी झाल्यावर १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. वाचकाने लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांत खरेदीला हात घातला तरच कमिशन धरतात. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरत नाहीत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते पुढचे. ‘आमच्या लिंकवरून पुस्तक घ्या, कमिशनचे पैसे विहाराला जातील’ असे लिहिणे नियमात बसत नाही. लिंक वापरण्यासाठी वाचकाला कसलेही आमिष दाखवायचे नाही, आणि धर्मादाय देणगीचे आश्वासन हेही त्यांच्या लेखी आमिषच. आपल्याकडे तर पहिली सुचणारी ओळ हीच! दुसरे, १४ एप्रिलच्या पत्रकावर किंवा जयंतीच्या फलकावर लिंकचा क्यूआर कोड छापायचा नाही. छापील कागद, ईमेल, एसएमएस अशा वाटांनी ही खास लिंक पसरवायला मनाई आहे. संकेतस्थळावरचा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर खुशाल फिरवा, विक्रीची लिंक लेखातच राहू द्या.

कराचे फार भय नको. कमिशनवर कापला जाणारा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के जातात. सेवांसाठी जीएसटीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, आपली संकेतस्थळे तिच्या आसपासही नाहीत. उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचे, कापलेला कर परत मिळण्यासारखा असेल तर मागायचा.

आता आकडे. डोमेनचे वर्षाला हजार-बाराशे आणि साध्या होस्टिंगचे तीन-साडेतीन हजार धरू, म्हणजे पाच हजारांच्या आत. कमिशन वस्तूप्रमाणे बदलते, हिशेबासाठी शेकडा पाच रुपये समजा. पाच हजार मिळायला लाखाची विक्री लागते. २५० रुपयांचे पुस्तक असेल तर ४०० प्रती, महिन्याला तेहतीस-चौतीस. ऐकायला थोडे वाटते, पण छोट्या संकेतस्थळाला हे सोपे नाही. युट्यूबवरचे ‘महिन्याला लाखो कमवा’ सांगणारे गुरू आपल्या पोरांना हा हिशेब दाखवत नाहीत, वर त्यांनाच अभ्यासक्रम विकतात. नोकरी सोडून यात उतरणाऱ्या तरुणाला आम्ही स्पष्ट नको म्हणतो. संकेतस्थळ जिवंत राहावे एवढ्यापुरता हा पैसा आहे.

पण ४०० प्रती अशक्यही नाहीत, कारण आपला समाज पुस्तके विकत घेणारा समाज आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर जी गर्दी असते ती कुठल्याही साहित्य संमेलनाला हेवा वाटावा अशी. ज्याच्या पायात धड चप्पल नाही तोही दोन पुस्तके घेऊन गाडीत बसतो. हीच माणसे आता मोबाइलवर वाचतात.

आणि इथेच आम्हाला या साऱ्या धंद्याबद्दल एक खरी हरकत आहे. तो स्टॉलवाला आपलाच माणूस आहे. वर्षानुवर्षे पुस्तकांचे गठ्ठे एसटीने वाहून नेऊन त्याने चळवळीचे साहित्य गावोगाव पोचवले. पुण्याच्या सुगावा प्रकाशनासारख्यांनी, विलास वाघ आणि उषा वाघ यांच्यासारख्या माणसांनी नफ्याकडे न पाहता पुस्तके काढली. त्यांचे गिऱ्हाईक आपण पाच टक्क्यांसाठी उचलून एका महाकाय कंपनीच्या दारात नेऊन सोडायचे का? आम्हाला ते पटत नाही. जे पुस्तक आपल्या प्रकाशकाकडे किंवा विक्रेत्याकडे मिळते तिथे त्याचाच फोन क्रमांक किंवा त्याच्याच दुकानाची लिंक पहिली द्यावी. कंपनीची लिंक द्यायची ती स्पर्धा परीक्षांची पुस्तके, इंग्रजी संशोधनग्रंथ, विद्यार्थ्याला लागणारा कॅल्क्युलेटर, हेडफोन अशा गोष्टींना, जिथे आपल्या माणसाचे नुकसान नाही.

शिवाय काही पुस्तके त्या बाजारात धड नाहीतच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले, वसंत मून यांच्या संपादनाने सुरू झालेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड घ्या. ते स्वस्त आहेत, पण ते हवे तेव्हा मिळत नाहीत. छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. टंचाई असली की ऑनलाइन बाजारात तोच खंड छापील किमतीच्या वर विकायला बसलेले लोक दिसतात. अशा विक्रेत्याची लिंक लावून त्याच्यावर कमिशन खाणे हा आमच्या मते आपल्या वाचकाशी द्रोह आहे. तिथे शासकीय ग्रंथागाराचा पत्ता द्या, आणि पुनर्मुद्रणाची मागणी करणारा लेख लिहा.

यातून पुढची वाट दिसते. प्रकाशक विक्रेत्याला जी सूट देतो तिचा छोटा भाग संकेतस्थळाला देण्याचा साधा करार आपण आपसातच का करू नये? प्रत्येक संकेतस्थळाला एक कूपन, त्यावरून आलेल्या मागणीची वहीत नोंद, तीन महिन्यांनी यूपीआयने हिशेब. याला अमेरिकेची परवानगी लागत नाही की डॉलर लागत नाहीत. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये ‘दलित फूड्स’ नावाने मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायला काढली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण आपल्या नावाने उघड बाजारात उभे राहण्याची ती हिंमत होती. अशा मालाची, आपल्या बचत गटांच्या वस्तूंची शिफारस आपल्या संकेतस्थळांनी कमिशनवर केली तर पैसा दोन्ही टोकांना आपल्यातच राहतो.

उघड हिशेबाबद्दल बोलायचे तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही. त्रिरश्मी लेण्यांवर रविवारी चढणाऱ्या तरुणांनी दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख थांबून पाहावा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, नहपान क्षत्रपाच्या जावयाचा. ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिल्याचे हा माणूस अभिमानाने कोरून ठेवतो, ते असो. त्याने ३,००० कार्षापण भिक्षुसंघासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे २,०००, महिन्याला शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते २४०, आणि वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा असा त्याचा विनियोग लिहून ठेवला आहे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. हे सारे निगमसभेत जाहीर वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले, असेही तो लेख सांगतो. कोणाकडे किती, कोणत्या दराने, कशासाठी, सगळे दगडावर.

आपल्याला दगड कोरायचा नाही. लिंकच्या वरच एक ओळ लिहायची आहे, ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते’. अशी स्पष्ट कबुली जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रचारासाठी मागितली, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यावर मार्गदर्शिका काढली, आणि फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. अ‍ॅमेझॉनचीही तीच अट आहे. ओळ मराठीत लिहा, ठळक लिहा, पानाच्या तळाशी इंग्रजीत दडवू नका. वर्षाच्या शेवटी किती आले आणि कशावर गेले तेही छापा. साडेतीनशे रुपये आले असतील तर साडेतीनशे छापा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी लागते आणि तिच्यावरून आपल्याकडे सर्वांत जास्त भांडणे होतात. खाते कोणाच्या पॅनवर? एकट्या संपादकाच्या नावावर असेल तर उत्पन्न कायद्याने त्याचे, कर त्याला, आणि उद्या तो पक्ष बदलून गेला तर खातेही त्याच्याबरोबर. नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असेल तर व्यवसायातून आलेल्या उत्पन्नाची वेगळी वही ठेवावी लागते, लेखापरीक्षकाला दाखवावी लागते, आणि कार्यकारिणी बदलली की बँकेतल्या सह्या बदलाव्या लागतात. पाच-सात जणांच्या गटाने एकाच्या नावावर ठेवले तरी चालेल, पण साध्या कागदावर लेखी करार करा, डोमेनचे आणि अ‍ॅफिलिएट खात्याचे पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि पहिल्या कमिशनमधून दुसरे काहीही घेण्याआधी डोमेन पुढच्या पाच वर्षांसाठी भरून टाका.